आवडत्या एअर पिस्तुलाची वरची आवृत्ती घ्यावी का, हे कसे ठरवावे

एखादे पिस्तूल हाताला बसले की नेमबाज त्याच्याविषयी फारसा विचार करीत नाही, आणि पिस्तुलाने करायचे काम तेच असते. पुढे गुण एका पातळीवर येऊन थांबतात, शेजारच्या लेनमध्ये त्याच कंपनीची वरची आवृत्ती दिसते, आणि आपले अडलेले गुण त्या दोन पिस्तुलांमधील फरकातच अडकले असावेत असे वाटू लागते. कधी कधी ते खरेही असते. मात्र बहुतेक वेळा ते खरे नसते, आणि आपल्या बाबतीत ते खरे आहे की नाही हे पैसे मोजण्यापूर्वी तपासून पाहता येते. हे तपासायचे कसे, ते १० मीटर एअर पिस्तुलाच्या संदर्भात पुढे मांडले आहे.

प्रथम आवृत्त्यांमध्ये नेमके काय बदलते ते पाहू. स्टायर कंपनीच्या एलपी २ या पिस्तुलात धक्का शोषणारी यंत्रणा नाही, एलपी १० मध्ये आणि त्यानंतरच्या इव्हो १० मध्ये ती आहे, तर इव्हो १० ई मध्ये तिच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ट्रिगर येतो. मोरिनीच्या सीएम १६२ या पिस्तुलाच्या एमआय आणि ईआय या दोन रूपांमधील मुख्य फरक ट्रिगरचा आहे; पहिल्यात तो यांत्रिक आहे आणि दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक. इतर कंपन्यांच्या मालिकाही साधारण याच पायऱ्यांनी वर चढतात : अधिक अंगांनी जुळवता येणारी मूठ, ट्रिगरच्या अधिक जुळण्या, मागच्या साइटची (निशाणा धरण्याच्या खुणेची) खाच बदलण्याची सोय, वजने लावण्याच्या जागा, आणि सर्वांत वर रंग, विशेष धातू व मर्यादित संख्येची आवृत्ती असे अलंकार. या यादीत नळीचा उल्लेख नाही. स्पर्धेच्या दर्जाच्या पिस्तुलांच्या मालिकेत नळीचा अचूकपणा खालच्या पायरीवरच पुरेसा असतो. मानवणारे छर्रे वापरून आणि शिकंजात धरून झाडलेले असे पिस्तूल १० मीटरवर जो पुंजका देते, त्यात छऱ्यांच्या केंद्रांमधील अंतर बहुधा दोन-तीन मिलिमीटरांच्या आतच राहते.

हे अंतर किती क्षुल्लक आहे, ते लक्ष्याच्या मापांवरून कळते. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, छऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो, आणि छर्रा वर्तुळाच्या रेषेला बाहेरून स्पर्श करून गेला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकले तरी दहा गुण मिळतात, आणि १६ मिलिमीटरपर्यंत सरकले तर नऊ. त्यातच एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात मोजले जातात. दशांश अंतिम फेरीत मोजले जातात. त्यामुळे अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर न पोहोचलेल्या नेमबाजाला अधिक अचूक नळीचा लाभ जवळजवळ काहीच होत नाही, कारण त्याचे गुण मिलिमीटरभराच्या फरकाने गेलेले नसतात.

मग ते कशाने जातात? पिस्तूल धरलेला हात सगळाच्या सगळा सरकला, पण पुढची आणि मागची साइट एकमेकींच्या रेषेत राहिली, तर छर्राही साधारण तेवढाच सरकतो. हात ५ मिलिमीटर डुलला तर छर्राही सुमारे ५ मिलिमीटर बाजूला जातो आणि दहा गुण शाबूत राहतात. याउलट साइटींचा परस्परमेळ बिघडला, की चूक अनेक पटींनी वाढते. दोन्ही साइटींमधील अंतर ३५० मिलिमीटर धरले, तर १० मीटरवर हा पट २८ च्या वर जातो. पुढची साइट खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली तर छर्रा १४ मिलिमीटर बाजूला पडतो आणि नऊ गुण हाती येतात. मनगट वळल्याने किंवा बोट ट्रिगरला तिरपे रेटल्याने जे घडते ते हेच असते, आणि नवशिक्यांचे आठ-सात गुणांचे छर्रे बहुतांशी याच वाटेने जातात. यावरून एक कसोटी हाती येते : वरच्या आवृत्तीतील जो भाग गोळी सुटण्याच्या क्षणी साइटींचा मेळ टिकवण्यास मदत करतो, त्याच्यासाठी पैसे मोजण्याचा विचार करावा, आणि उरलेल्या भागांकडे आवड म्हणून पाहावे. आवडीसाठी खर्च करण्यात काही गैर नाही. फक्त तो खर्च गुणांच्या खात्यात मांडू नये.

आता धक्का शोषणाऱ्या यंत्रणेचा विचार करू, कारण वरच्या आवृत्तीची जाहिरात बहुधा तिच्याच नावाने होते. या यंत्रणेत गोळी सुटताना एक लहानसे वजन मागे ढकलले जाते, त्यामुळे पिस्तुलाचा उरलेला भाग जवळजवळ स्थिर राहतो. हा परिणाम खरा आहे आणि हाताला पहिल्याच गोळीत जाणवतो. पण झाडलेली गोळी त्यामुळे किती सुधारते? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २५ सेंटिमीटर नळीतून बाहेर पडेपर्यंत एक किलो वजनाचे पिस्तूल किती मागे सरते, याचा हिशेब वस्तुमानांच्या गुणोत्तराने करता येतो. हे गुणोत्तर दोन हजारास एक असल्यामुळे, हवेचा वाटा सोडला तर, पिस्तूल तेवढ्या वेळात मिलिमीटरचा आठवा भाग मागे सरते, आणि तेही मुख्यतः नळीच्या रेषेत. जो झटका आपल्याला जाणवतो त्याचा मोठा भाग छर्रा निघून गेल्यानंतरचा असतो. म्हणून या यंत्रणेचा खरा उपयोग गोळीनंतरच्या क्षणात आहे. साइट जागेवर राहते, गोळी सुटली तेव्हा ती कोठे होती हे डोळ्यांना दिसते, आणि गोळीनंतरही निशाणा धरून राहण्याची सवय पक्की होते. ज्याला आपली गोळी कोठे गेली असावी हे पडद्याकडे न पाहता सांगता येत नाही, त्याला या यंत्रणेचा शिकण्यासाठी चांगला उपयोग होतो. ज्याला ते आधीच सांगता येते, त्याला तिच्यामुळे सुख मिळते, गुण क्वचित मिळतात. मोरिनी सीएम १६२ ईआय मध्ये अशी यंत्रणा नसूनही ते पिस्तूल वर्षानुवर्षे ऑलिम्पिकच्या पातळीवर वापरले गेले आहे, हेही विसरू नये.

ट्रिगरविषयी माझे मत याहून अनुकूल आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन नियमानुसार किमान ५०० ग्रॅम असावे लागते, त्यामुळे महाग पिस्तुलाचा ट्रिगर स्वस्त पिस्तुलाहून हलका असू शकत नाही. फरक असतो तो हे ५०० ग्रॅम कसे वाटून दिले आहेत यात : पहिल्या टप्प्यात किती, दुसऱ्यात किती, दोन टप्प्यांमधील थांबा बोटाला किती स्पष्ट जाणवतो, सुटल्यानंतर ट्रिगर आणखी किती मागे जातो, आणि त्याचे पाते, म्हणजे बोट टेकते तो भाग, बोटाच्या लांबीप्रमाणे पुढे-मागे व तिरपे करता येते की नाही. बोट लहान किंवा फार लांब असलेल्या नेमबाजाला शेवटची सोय निर्णायक ठरू शकते, कारण पाते जागेवर नसले की बोट सरळ मागे येत नाही आणि वर सांगितलेला तिरपा रेटा सुरू होतो. पण वरची आवृत्ती घेण्यापूर्वी आहे त्या पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत ट्रिगरचे स्क्रू कोणकोणते आहेत ते पाहावे. कारखान्यातून आलेली जुळणी कित्येक वर्षे तशीच ठेवून तिला दोष देणारे नेमबाज मी पाहिले आहेत, आणि पहिली दोन वर्षे मी स्वतः त्यांच्यापैकीच होतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये यांत्रिक खटक्याऐवजी विद्युत संकेताने हवा सोडली जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी सुटण्याची जाणीव सारखी राहते आणि झीज कमी होते. त्याचबरोबर बॅटरी, जोडण्या आणि सर्किट यांची जबाबदारी आपल्याकडे येते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला, दुरुस्तीत बहुमोल वेळ गेला, तिचे ६०० पैकी ५७५ गुण झाले आणि ५७७ गुणांवर बंद झालेली अंतिम फेरी तिच्या हातून निसटली. यावरून इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वाईट ठरत नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली तिनेच दोन कांस्यपदके मिळवली. यातून घेण्याची गोष्ट एवढीच, की अशी आवृत्ती घेणाऱ्याने तिच्या दुरुस्तीची सोय आपल्या आवाक्यात आहे का आणि स्पर्धेच्या दिवशी पर्यायी पिस्तूल जवळ ठेवता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे किमतीच्या आधी शोधावीत.

मुठीचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो आवृत्तीवर सर्वांत कमी अवलंबून आहे. पिस्तूल उचलून, डोळे मिटून, हात सैल न करता रोखावे आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट खाचेच्या एका बाजूला किंवा वर-खाली आढळली आणि दहांपैकी सात-आठ वेळा ती त्याच बाजूला आढळली, तर मूठ हाताशी जुळलेली नाही. अशा वेळी मनगट दर गोळीला साइटी ओढून रेषेत आणते आणि दमले की सोडून देते. हा दोष मूठ तासून, लाकडाच्या लगद्याने भरून किंवा योग्य मापाची नवी मूठ बसवून जातो. त्याचा खर्च नव्या पिस्तुलाच्या खर्चाच्या लहानशा अंशाएवढा असतो. वरच्या आवृत्तीसोबत येणारी अनेक कोनांत फिरणारी मूठ ही जुळणी सोपी करते खरी, पण ती आपोआप करून देत नाही. जुळवता येणाऱ्या मुठीचे स्क्रू दर आठवड्याला फिरवीत राहणारा नेमबाज लाकूड तासून गप्प बसलेल्या नेमबाजाहून वाईट स्थितीत असतो.

म्हणून पहिला टप्पा आहे ते पिस्तूल नीट करण्याचा आहे, आणि त्याला महिनाभर द्यावा. मूठ वरील रीतीने तपासावी. ट्रिगरचे वजन ५०० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाने मोजावे आणि टप्प्यांची जुळणी माहितीपुस्तिकेप्रमाणे करावी. कसलीही जुळणी करण्यापूर्वी नळी व छर्रा ठेवण्याची जागा रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करावी आणि पिस्तूल सुरक्षित दिशेलाच रोखलेले ठेवावे. रबरी सील जुने झाले असतील तर अधिकृत दुरुस्ती केंद्राकडून बदलून घ्यावेत, कारण हवेचा दाब गोळीगणिक बदलू लागला की छर्रे वर-खाली पसरतात आणि नेमबाज विनाकारण स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतो. छर्रे ४.४८ पासून ४.५१ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या डोक्याच्या मापांत मिळतात. तीन-चार प्रकार शिकंजात धरून झाडून पाहावेत आणि सर्वांत लहान पुंजका देणारा प्रकार ठेवावा. हे सगळे केल्यानंतर पुष्कळांची नव्या पिस्तुलाची ओढ आपोआप कमी होते.

ती कमी झाली नाही तर दुसरा टप्पा नोंदींचा. पुढचे दोन महिने प्रत्येक सरावात नवाच्या खाली गेलेल्या गोळीपुढे तिचे कारण एका शब्दात लिहावे : बोट, मनगट, उशीर, दमणूक, डोळा, किंवा कारण कळले नाही. स्कॅटसारखे निशाण्याची रेघ दाखवणारे उपकरण वापरायला मिळाले तर नोंद अधिक भरवशाची होते, पण वहीदेखील पुरते. दोन महिन्यांनी या नोंदी मोजाव्यात. ‘बोट’ सर्वाधिक असेल आणि ट्रिगरच्या सगळ्या जुळण्या करून झाल्या असतील, तर वरच्या आवृत्तीच्या ट्रिगरचा विचार रास्त आहे. ‘कारण कळले नाही’ हेच सर्वाधिक असेल, तर धक्का शोषणाऱ्या यंत्रणेचा उपयोग संभवतो. ‘उशीर’, म्हणजे निशाणा फार वेळ धरून शेवटी कशीबशी सोडलेली गोळी, सर्वाधिक असेल तर कोणतेही पिस्तूल कामाचे नाही. हा दोष नव्या पिस्तुलातही तसाच सोबत येतो. ‘दमणूक’ असेल तर वजनाचा प्रश्न आहे. नियमानुसार एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालते, प्रत्यक्षात बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात, आणि शंभर ग्रॅमचा फरक साठाव्या गोळीला चांगलाच जाणवतो. २०१८ पासून महिलांच्या स्पर्धेतही ४० ऐवजी ६० गोळ्या आल्यामुळे हा मुद्दा सर्वांना सारखाच लागू झाला आहे. मात्र हलके पिस्तूल अधिक चंचल असते. त्यामुळे आधी आपल्या पिस्तुलावरची जोडवजने काढून किंवा मागे-पुढे करून पाहावे, आणि मगच हलक्या आवृत्तीचा विचार करावा.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष चाचणीचा, आणि येथेच सर्वांत जास्त फसगत होते. उसने घेतलेले वरचे पिस्तूल पहिल्या दिवशी जवळजवळ नेहमीच चांगले गुण देते, कारण नवे हत्यार हाती आले की लक्ष आपोआप एकाग्र होते. हा नव्याचा नवस दहा-बारा दिवसांत फिटतो. त्यामुळे एका दिवसाच्या चाचणीवर निर्णय घेऊ नये. पिस्तूल किमान तीन आठवडे मिळावे, मूठ आपल्या मापाची असावी, ट्रिगर आपल्या पिस्तुलासारखाच जुळवलेला असावा, आणि प्रत्येक सरावात दोन्ही पिस्तुलांनी दहा-दहा गोळ्यांच्या मालिका झाडाव्यात : प्रथम जुने, मग नवे, पुन्हा नवे, शेवटी जुने. हा क्रम ठेवल्यास सुरुवातीचा ताजेपणा आणि शेवटची दमणूक दोन्ही पिस्तुलांच्या वाट्याला सारखी येते.

गुणांची तुलना करताना थोडे गणित लागते. समजा, एखाद्या नेमबाजाची ६० गोळ्यांची सरासरी ५६० आहे आणि त्याचे गुण दर सामन्याला साधारण पाच गुणांनी वर-खाली होतात. एका पिस्तुलाने दहा आणि दुसऱ्याने दहा सामने झाडले, तरी दोन सरासऱ्यांमध्ये निव्वळ योगायोगाने दोन-अडीच गुणांचा फरक सहज पडू शकतो. म्हणून दहा-दहा सामन्यांनंतर फरक चार-पाच गुणांहून कमी असेल तर तो पिस्तुलामुळे पडला असे म्हणता येत नाही. एका सामन्यात ५६८ झाले म्हणून नवे पिस्तूल घेणारा त्या दिवसाच्या नशिबासाठी पैसे मोजतो. गुणांच्या बरोबरीने आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या गोळ्या किती गेल्या हेही मोजावे. सरासरी तीच राहून या गोळ्या निम्म्या झाल्या असतील, तर तो फरक मला सरासरीतील दोन गुणांहून अधिक बोलका वाटतो, कारण स्पर्धेच्या ताणाखाली घात करणाऱ्या गोळ्या याच असतात.

चाचणी अनुकूल निघाली तरी केव्हा घ्यावे हा प्रश्न उरतो. पिस्तूल बदलले की मुठीची जुळणी, साइटीच्या खाचेची रुंदी आणि बोटाची सवय हे सगळे नव्याने बसवावे लागते, आणि त्यात दोन-तीन महिने सहज जातात. त्या काळात गुण खाली येतात. महत्त्वाच्या स्पर्धेला तीन महिन्यांहून कमी वेळ असेल तर बदल पुढे ढकलावा. एकूण खर्चात पिस्तुलाबरोबर हवेचा दुसरा सिलिंडर, योग्य मापाची मूठ, पेटी आणि वार्षिक देखभाल धरावी. एवढे करून स्पर्धांच्या प्रवासासाठी आणि छऱ्यांसाठी वर्षभर पुरतील इतके पैसे उरत नसतील, तर वरची आवृत्ती त्या वर्षी महागच पडते. आपल्या देशात एअर पिस्तुलाच्या खरेदी-विक्रीला कोणते नियम लागू आहेत हेही आगाऊ पाहावे, कारण ते देशोदेशी वेगळे आहेत.

येथे एक विषयांतर करतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र सांघिक रौप्यपदक मिळवणारा तुर्की नेमबाज युसुफ दिकेच साधा चष्मा घालून, खिशात हात ठेवून उभा असलेला जगाने पाहिला, आणि साधनांची गरजच नसते असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. त्याचा साधेपणा डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि भिंगे यांच्यापुरता होता. हातातले पिस्तूल स्पर्धेच्याच दर्जाचे होते, आणि त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता.

निर्णय खरेदीचा झाला, तर जुने पिस्तूल लगेच विकू नये. नव्याची मूठ बसेपर्यंत आणि निदान एक स्पर्धा पार पडेपर्यंत ते पर्यायी म्हणून जवळ असू द्यावे. बदलाच्या आदल्या दिवशी जुन्या पिस्तुलाची सगळी मापे लिहून काढावीत : दोन्ही टप्प्यांचे वजन, पात्याची जागा, खाचेची रुंदी, पुढच्या साइटची रुंदी, मुठीचा कोन, जोडवजनांसह एकूण वजन आणि तोल कोठे जातो ते. नव्या पिस्तुलाची पहिली जुळणी याच मापांवर करावी आणि त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुढे जुने विकायचे ठरलेच, तर त्याच्यासोबत कारखान्याचा चाचणी कागद द्यावा आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख ग्राहकाला आधीच दाखवावी. हवेच्या सिलिंडरची मुदत उत्पादनापासून जास्तीत जास्त १० वर्षे धरली जाते, मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ती मुदत पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. हाच नियम उलट बाजूनेही लक्षात ठेवावा : वरची आवृत्ती वापरलेली मिळत असेल, तर चकाकीकडे पाहण्यापूर्वी सिलिंडर फिरवून ती तारीख वाचावी आणि नव्या सिलिंडरची किंमत त्याच वेळी सौद्यातून वजा करून मागावी.